अडकलेला थर्मोस्टॅटिक शॉवर मिक्सर: दुरुस्तीच्या नोंदी

८ नोव्हेंबर, सकाळ

थर्मोस्टॅटिक मिक्सर म्हणजे गरम-थंड पाणी आपोआप मिसळून ठरवलेलं तापमान राखणारा. हा भिंतीबाहेरचा, आडव्या नळीच्या आकाराचा. डाव्या टोकाला धार कमी-जास्त करायचा नॉब, उजव्या टोकाला तापमानाचा. तापमानाचा नॉब ३८च्या खुणेच्या आसपास जेमतेम बोटभर हलतो आणि अडतो. पाणी कोमट. जोर लावला तर थोडा पुढे जातो, सोडला की मागे येतो. म्हणजे आतलं काही फिरत नाही, नॉबचं प्लॅस्टिक तेवढं पिळवटतं. पकड लावायचा मोह आवरला. आतल्या दांड्याला बारीक दातरे असतात आणि नॉब त्यांच्यावर बसतो. ते दातरे एकदा गेले की चांगलं कार्ट्रिजसुद्धा (गरम-थंड पाणी मिसळणारा आतला सुटा भाग) फेकून द्यावं लागतं.

उघडण्याआधी थोडी तपासणी केली. धारेचा नॉब मोकळा फिरतो, तेव्हा तो भाग तूर्त बाजूला. बेसिनच्या गरम नळाखाली थर्मामीटर धरला, ४७ अंश. हाताला गरम लागतं, म्हणून गिझर ठीक आहे असं धरलं. (पुढे या ४७ने त्रास दिला, ते येईलच.) शॉवरचं पाणी ३३ अंश. दहा लिटरची बादली भरायला पावणेतीन मिनिटं लागली. हा आकडा लिहून ठेवला, कारण दुरुस्तीनंतर धार 'बरी वाटते' की खरंच वाढली हे नुसत्या डोळ्यांना कळत नाही.

नॉबवर लाल बटण असतं. ते दाबल्याशिवाय नॉब ३८च्या पुढे जात नाही. कधी कधी अडकलेलं असतं ते हे बटणच. त्याखाली साबण आणि क्षार साचतात. जुन्या दातांच्या ब्रशने कोमट पाणी घालून घासलं, बटण खटाखट दबायला लागलं. नॉब मात्र हलला नाही. आणि तो थंडच्या बाजूलाही फिरत नव्हता, तिथे तर बटणाचा संबंधच येत नाही. तेव्हा दोष आत.

प्लंबरला फोनवर विचारलं. त्याचं म्हणणं, 'आख्खा मिक्सर बदलून टाका, कार्ट्रिज काढताना काहीतरी तुटतंच.' त्याच्या दृष्टीने बरोबर आहे, त्याला एका फेरीत काम संपवायचं असतं. पण त्यातून एक धीर मिळाला. भिंतीबाहेरच्या अशा मिक्सरचे गरम-थंडचे दोन जोड बहुधा मध्यापासून मध्यापर्यंत १५० मिलिमीटरवर असतात आणि नट पाऊण इंची. काही तुटलंच तर दुसरा मिक्सर त्याच जागी बसेल, फरशी फोडावी लागणार नाही. भिंतीच्या आत बसवलेला मिक्सर असता तर मी इतक्या निवांतपणे पाना हातात घेतला नसता.

८ नोव्हेंबर, दुपार

गिझरचं बटण बंद, दोन्ही अँगल कॉक (मिक्सरकडे येणारं गरम आणि थंड पाणी तोडायचे छोटे कॉक) बंद, मग शॉवर सुरू करून आतला दाब सोडला. मोरीच्या जाळीवर जुना टॉवेल अंथरला. याच टॉवेलने पुढे नॉबचा ग्रब स्क्रू (डोकं नसलेला बारीक स्क्रू) वाचवला.

शॉवरमधून गरम पाण्याची बारीक धार येतच राहिली. गरम बाजूचा अँगल कॉक पूर्ण बंद होत नाही. म्हणून घराचा मुख्य कॉक बंद केला आणि इथून पुढे घाई सुरू झाली, कारण अख्ख्या घराचं पाणी माझ्या हातात अडकलं. तुम्ही करणार असाल तर हे आधी तपासा: दोन्ही कॉक बंद करून शॉवर वीसेक मिनिटं उघडा ठेवा. ठिबक थांबली नाही तर त्या दिवशी काही उघडू नका.

नॉबच्या खालच्या अंगाला बारीक ग्रब स्क्रू, अडीच मिलिमीटरच्या अ‍ॅलन कीचा. तो सैल झाला तरी नॉब निघेना, दातऱ्यांत क्षार भरला होता. नॉबच्या मागे चामड्याचा जुना पट्टा अडकवून दोन्ही बाजूंनी सारखा ओढला तेव्हा निघाला. स्क्रूड्रायव्हरने एका बाजूने उचकला असता तर मागची प्लॅस्टिकची कडी नक्की फुटली असती.

नॉब निघताच तीन गोष्टी केल्या: फोटो काढला, दांड्यावर आणि बॉडीवर मार्करने एका रेषेत खूण केली, आणि ३८ला अडवणारी प्लॅस्टिकची कडी कुठल्या खाचेत बसली होती ते कागदावर काढून ठेवलं. ही कडी चुकीच्या खाचेत बसली तर नॉब ३८ला न अडता पुढे जाईल आणि पाणी ४५चंही येईल. लहान मुलं किंवा म्हातारी माणसं असलेल्या घरात ही गंमत नाही.

आता उघडा दांडा बोटांनी फिरवून पाहिला. तोही जाम. म्हणजे कार्ट्रिजच अडकलंय, याची खात्री झाली. कार्ट्रिजवरचा पितळी नट मात्र ढिम्म.

मुख्य कॉक किती वेळ बंद ठेवणार? संध्याकाळच्या आत मिक्सर भिंतीवरून पूर्ण उतरवून दोन्ही जोडांना पाऊण इंची आंधळी (पाणी पूर्ण अडवणारी) टोपणं रबरी वॉशरसह बसवायची असं ठरवलं. मूळ बेतात हे नव्हतं. पण खरा रोग सापडला तो यामुळेच.

८ नोव्हेंबर, रात्र

मिक्सर उतरवला. मागचे दोन मोठे नट सोडले की येतो. सोडताना भिंतीतले वाकडे जोड फिरू द्यायचे नाहीत. ते एका पान्याने धरून ठेवा आणि दुसऱ्याने नट सोडा. जोड भिंतीत फिरला तर आतल्या आट्यांवरची टेप सरकते आणि गळती फरशीमागे सुरू होते, बाहेर दिसायला महिने लागतात.

नटांच्या आत गाळणी-वॉशर असतात, रबरात बसवलेली स्टीलची जाळी. गरम बाजूची जाळी पांढऱ्या-पिवळट कपच्यांनी जवळजवळ बुजलेली. बोटाने चोळल्या तर खडूसारखा भुगा होतो. गिझरच्या टाकीत धरलेला क्षारच हा, तुटून नळातून आलेला. पावणेतीन मिनिटांची बादली इथे अडली होती.

थंड बाजूची जाळी स्वच्छ, पण एका कडेला फाटलेली. तिच्या मागे, मिक्सरच्या तोंडात, बोटाच्या पेराएवढा चेक व्हॉल्व्ह असतो. पाणी आत येऊ द्यायचं, उलटं जाऊ द्यायचं नाही, एवढंच त्याचं काम. टॉर्च मारून पाहिलं तर त्याची चकती अर्धी उघडी राहिली होती, आणि दांडीभोवती टेफ्लॉन टेपचा एक तुकडा दोऱ्यासारखा गुंडाळलेला. मिक्सर बसवतानाचा असणार. कोणीतरी आट्यांवर टेप सढळ हाताने गुंडाळली, तिचं शेपूट आत गेलं आणि जाळी फाटल्यावर इथे येऊन अडकलं.

याने एक जुनं कोडं सुटलं. बेसिनचा थंड नळ उघडला की आधी कोमट पाणी येतं आणि मग थंड, अशी तक्रार घरात बऱ्याच दिवसांची आहे. नळी उन्हात तापते वगैरे तर्क झाले होते. तसं काही नव्हतं. अशा मिक्सरमध्ये गरम आणि थंड आधी एकत्र होतात आणि बंद करायचा नॉब त्यांच्या पुढे असतो. त्यामुळे शॉवर बंद असतानाही आत दोन्ही बाजू एकमेकींना मिळालेल्या असतात, त्यांना वेगळं ठेवतात ते फक्त चेक व्हॉल्व्ह. थंड बाजूचा उघडा राहिला की बेसिनचा थंड नळ मिक्सरमधून गरम पाणी ओढतो. परिणामी मिक्सरच्या पोटातून दिवसभर गरम पाणी ये-जा करत होतं, शॉवर कोणी वापरत नसतानाही. आणि जिथे गरम पाणी तिथे क्षार जास्त धरतो.

टोपणं बसवली, मुख्य कॉक उघडला, कोरड्या टिश्यू पेपरने जोड पुसून पाहिले. कोरडे.

९ नोव्हेंबर

मिक्सर टेबलावर आल्याने काम सोपं झालं. भिंतीवर असताना नटावर जोर लावला असता तर सगळा पीळ मागच्या दोन जोडांवर गेला असता. भिंतीवरच करायचं झालं तर मिक्सरच्या नळीला पट्ट्याचा पाना लावून उलट्या दिशेने कोणीतरी धरायला हवं.

नटाभोवती व्हिनेगरमध्ये भिजवलेली कापडाची अरुंद पट्टी गुंडाळली, वर प्लॅस्टिकची पिशवी. दर तासाला काढून पाहिलं. क्रोमवर आम्ल फार वेळ ठेवायचं नाही, म्हणून पट्टी फक्त पितळेवर आणि मधूनमधून सगळं धुऊन घेतलं. संडास साफ करायचं तीव्र आम्ल वापरू नका. त्यात हायड्रोक्लोरिक आम्ल असतं, ते क्रोम उडवतं आणि पितळेतलं जस्त खातं. क्षार जातो हे खरं, पण मिक्सरही त्याच्याबरोबर जातो. गंज सोडवायचं तेलही टाळलं. इथे गंज नव्हता, आणि तेलाने आतलं रबर फुगतं.

दुपारपर्यंत व्हिनेगरने काही फरक नाही. मग नटावर कढत पाण्यात पिळलेलं फडकं ठेवलं, गार झालं की बदललं, असं करत राहिलो आणि मोठ्या तोंडाच्या बॉक्स पान्याने हलका हिसका दिला. एकदा घट्ट करायच्या दिशेने, एकदा सोडायच्या. 'टक्' असा आवाज आला आणि नट सुटला. आधी घट्ट करायच्या दिशेने हिसका देणं चमत्कारिक वाटेल, पण क्षाराचा पापुद्रा त्यानेच फुटतो.

नट सुटला तरी कार्ट्रिज बाहेर येईना, त्याच्यावरच्या ओ-रिंगा (पाणी अडवणाऱ्या रबरी कड्या) मिक्सरच्या आतल्या अंगाला चिकटलेल्या. दांडा धरून ओढणं धोक्याचं, तो उपटून येतो. एक जुनी युक्ती आहे: पाण्याच्या दाबाने कार्ट्रिज ढकलायचं. नट पूर्ण काढायचा नाही, दोन-तीन आटे धरून ठेवायचा, म्हणजे कार्ट्रिज उडून तोंडावर येत नाही. मिक्सर बाहेरच्या नळाला पाइपने जोडला, शॉवरचं आणि दुसऱ्या बाजूचं तोंड बुचाने बंद केलं, धारेचा नॉब पूर्ण बंद, वर टॉवेल टाकला आणि नळ हळूच सोडला. कार्ट्रिज नटापर्यंत सरकून थांबलं. ही युक्ती फक्त थंड पाण्याने करा.

बाहेर आलेलं कार्ट्रिज पाहून पहिला विचार आला की प्लंबर खरं बोलत होता. गरम पाणी जिथून आत येतं त्या खिडकीभोवती क्षाराचं दगडी कडं तयार झालेलं. ओ-रिंगा गोल असायच्या त्या चपट्या. थंड बाजू मात्र जवळजवळ नव्यासारखी.

९ नोव्हेंबर, संध्याकाळ

ओ-रिंगा काढून कार्ट्रिज सायट्रिक अ‍ॅसिडच्या द्रावणात टाकलं, लिटरला पन्नास ग्रॅम. लवकर विरघळावं म्हणून पाणी चांगलं गरम घेतलं होतं. सुरुवातीला जोरात बुडबुडे आले, मग थांबले, आणि अर्ध्या तासाने सगळ्यावर बारीक पांढरी पूड बसलेली. हा क्षार नव्हे, कॅल्शियम सायट्रेट. ते पाण्यात मुळातच कमी विरघळतं आणि पाणी जितकं गरम तितकं आणखी कमी. म्हणजे एक थर काढून दुसरा चढवला. ब्रशने घासून, धुऊन, नवं द्रावण साध्या पाण्यात केलं. मग काम सावकाश पण स्वच्छ झालं. अर्ध्या-अर्ध्या तासाने बाहेर काढायचं, मऊ ब्रशने घासायचं, परत टाकायचं. बुडबुडे थांबले की एक तर क्षार संपला किंवा आम्ल संपलं. कोणतं ते ताज्या द्रावणाचा थेंब टाकून कळतं.

आतला सरकता दट्ट्या तरीही हलत नव्हता. त्याच्याभोवतीची फट केसाएवढी, तिथे द्रावण पोचत नाही. लाकडी दातकोरणं भिजवून कडेने फिरवत राहिलो. स्टीलची सुई वापरायची नाही. तिथे एक ओरखडा पडला की गरम पाणी कायमचं झिरपत राहील. झोपायच्या आधी दट्ट्या अंगठ्याने दाबल्यावर किंचित सरकला, आणि स्प्रिंगने मागे आला. दिवसभरातला हा एकच क्षण असा की नवीन कार्ट्रिज शोधायचा विचार मागे पडला.

१२ नोव्हेंबर

आज मेणाच्या कुपीची परीक्षा. कार्ट्रिजच्या मध्यभागी तांब्या-पितळेची एक बंद कुपी असते, तिच्यात मेण. पाणी तापलं की मेण वितळून फुगतं, कुपीतून एक पिन बाहेर ढकलली जाते, आणि ती दट्ट्याला गरमच्या तोंडाकडे रेटते. कुपी मेली असेल तर बाकीची सगळी सफाई व्यर्थ.

माझं कार्ट्रिज सर्कलिप (खाचेत बसणारी स्प्रिंगची कडी) काढून उघडतं. सगळी उघडत नाहीत. जे उघडत नाही ते जबरदस्तीने उघडू नका, पुढची परीक्षा दट्ट्याची जागा बाहेरून मोजूनही करता येते.

एका भांड्यात साधं पाणी, दुसऱ्यात ५० अंशाचं. कुपी आधी साध्या पाण्यात ठेवून व्हर्नियर कॅलिपरने लांबी मोजली, मग गरम पाण्यात दोन मिनिटं ठेवून पुन्हा. फरक दोन मिलिमीटरच्या थोडा वर. चांगली आहे. उकळतं पाणी या परीक्षेला वापरायचं नाही, जास्त उष्णतेने कुपी कायमची बिघडू शकते.

मग परत साध्या पाण्यात टाकली आणि लांबी तेवढीच राहिली! पिन आत जाईना. इथे बरेच जण कुपी बाद समजत असतील. पण मेण पिनला ढकलतं, ओढत नाही. आत नेण्याचं काम कार्ट्रिजमधल्या परतीच्या स्प्रिंगचं, आणि ती तर मी काढून ठेवली होती. पिन टेबलावर टेकवून कुपी तळहाताने दाबली, सरसर आत गेली. पुन्हा गरम, पुन्हा गार, पुन्हा दाबून. प्रत्येक वेळी तेच माप. कुपी शाबूत आहे.

एकूण दोष असा: अनेक वर्षं नॉब एकाच जागी, ३८वर. दट्ट्याची हालचाल अगदी थोडी, त्या थोड्या पट्ट्याबाहेर क्षार धरत गेला आणि शेवटी दट्ट्यालाच कवेत घेतलं.

ओ-रिंगांनी मात्र वेळ खाल्ला. जुन्या रिंगा मोजून नव्या मागवल्या, त्या सैल बसल्या. चपट्या झालेल्या रिंगेची जाडी एका बाजूने कमी भरते आणि दुसऱ्या बाजूने जास्त, तेव्हा त्या मापाला अर्थ नसतो. खाच मोजायला हवी: खाचेचा तळाचा व्यास, तिची रुंदी, आणि ज्या छिद्रात कार्ट्रिज बसतं त्याचा व्यास. त्यावरून जाडी निघते. पदार्थ ईपीडीएम हे कृत्रिम रबर निवडलं, गरम पाण्याला ते टिकतं. नायट्राइल या दुसऱ्या रबराच्या रिंगाही काळ्याच असतात, डोळ्यांनी फरक कळत नाही, म्हणून सुट्या रिंगांच्या मिश्र डब्यावर भरवसा ठेवू नका.

१५ नोव्हेंबर

जोडणी. भाचा मदतीला, त्याच्याकडे टॉर्च आणि थर्मामीटर.

मिक्सर बसवण्याआधी टोपणं काढून दोन्ही नळ्यांतून बादलीत पाणी सोडलं. आधी थंड, मग गरम. गरम नळीतून पुन्हा पांढऱ्या कपच्या आल्या, स्वच्छ पाणी येईपर्यंत जाऊ दिल्या. हे केलं नसतं तर नवी जाळी त्याच दिवशी बुजली असती.

चेक व्हॉल्व्ह दोन्ही नवे घातले. जुन्यातला टेपचा तुकडा काढल्यावर तोही बंद होत होता, पण स्प्रिंग सैल वाटली आणि ही वस्तू क्षुल्लक आहे. घालण्याआधी तोंडाने फुंकून पाहा: एका बाजूने हवा जाते, दुसऱ्या बाजूने जात नाही. ज्या दिशेने जाते तीच पाण्याची आत यायची दिशा, बहुतेकांवर बाणही असतो. उलटा बसला तर त्या बाजूचं पाणीच बंद होईल.

रिंगांना सिलिकॉन ग्रीस, पिण्याच्या पाण्याला चालणारं. पेट्रोलियम जेली नाही, ईपीडीएम तिच्याने फुगतं. कार्ट्रिजवर गरमची खूण डावीकडे येईल असं ते खाचेत बसवलं आणि नट हाताने पूर्ण फिरवून मग पान्याने जरासा आवळला. मागच्या मोठ्या नटांवर टेप लावली नाही. तिथे पाणी अडवतो तो चपटा वॉशर, आटे नाहीत. टेपचा तुकडा कुठे पोचतो ते पाहिलंच आहे.

नळ्या धुऊन झाल्यावर मुख्य कॉक पुन्हा बंद केला होता. आधी थंड अँगल कॉक, मग गरम उघडला, आणि शेवटी मुख्य कॉक हळूहळू. टिश्यू पेपर कोरडा. बादली भरायला सत्तर सेकंद. पावणेतीन मिनिटांवरून सत्तर सेकंद!

मग तापमान जुळवायला घेतलं आणि अडलो. दांडा फिरवत ३८ आणायचे, तिथे नॉबची ३८ची खूण बसवायची, इतकं सोपं काम. पण भाचा थर्मामीटर वाचत होता: 'मामा, चौतीस... छत्तीस... थांब, परत पस्तीस.' दांडा गरमच्या टोकाला नेला तरी ३८ टिकेना. कार्ट्रिज पुन्हा काढावं का, असं वाटायला लागलं होतं. मग बेसिनचा गरम नळ आठवला. ४७.

थर्मोस्टॅटिक मिक्सरला काम करायला गरम पाणी आणि हवं असलेलं पाणी यांत पुरेसं अंतर लागतं, साधारण दहा ते पंधरा अंश तरी. ४७ आणि ३८ यांत नऊच. शिवाय नळीतून येईपर्यंत आणखी एखादा अंश जातो. कुणीतरी वीज वाचवायला गिझरचा काटा खाली आणला होता. तो ६०वर नेला. साठवणीच्या गिझरमध्ये पाणी ६०ला ठेवणं तसंही चांगलं, कोमट साठ्यात लिजिओनेला जिवाणू वाढतात. तासाभराने पुन्हा घेतलं, ३८ आले आणि राहिले. भाच्याने बेसिनचा गरम नळ मुद्दाम उघड-बंद केला. काटा क्षणभर अर्धा अंश हलला, परत आला.

नॉब बसवताना दातऱ्याचा एक दात इकडे-तिकडे झाला की पाणी जवळजवळ दोन अंशांनी बदलतं. शॉवर पूर्ण सोडलेला असताना, पाणी दोन मिनिटं वाहू दिल्यावरच बसवा.

यानंतरची चाचणी कोणी चुकवू नये. शॉवर ३८वर चालू असताना थंड अँगल कॉक एकदम बंद करायचा. चांगला मिक्सर गरम पाणीही लगेच तोडतो. माझी धार दोन-तीन सेकंदांत ठिबकण्यावर आली. ही चाचणी बादलीवर करा, अंगावर नाही. ६० अंशाच्या पाण्याने प्रौढ माणसाची कातडी पाचेक सेकंदांत गंभीर भाजते, मुलांची त्याहून लवकर. धार तुटली नाही तर मिक्सर वापरू नका आणि कार्ट्रिज बदला, बाकी सगळं कितीही छान चालत असलं तरी.

१६ नोव्हेंबर

रात्रभर शॉवरमधून ठिबक. शॉवर बंद केल्यावर दहा-पंधरा मिनिटं पाणी गळतं ते वरच्या दांडीत आणि तबकडीत राहिलेलं असतं, त्याची काळजी नको. हे मात्र सकाळपर्यंत चालू होतं, तेव्हा दोष धारेच्या नॉबमागच्या कार्ट्रिजमध्ये. त्यात सिरॅमिकच्या दोन चकत्या एकमेकींवर घासत फिरतात. उघडून पाहिलं, सफाईत सुटलेली क्षाराची एक कणी चकत्यांमध्ये. धुतली, चकत्यांना बोट फिरवून ओरखडा नाही ना पाहिलं, परत बसवलं. ठिबक बंद. पहिल्याच दिवशी या बाजूचं कार्ट्रिजही काढून धुतलं असतं तर मुख्य कॉक पुन्हा बंद करावा लागला नसता.

२९ नोव्हेंबर

मिक्सर नीट चालतोय. बेसिनच्या थंड नळाला आता पहिल्यापासून थंड पाणी येतं, आणि घरातल्यांच्या लेखी खरी दुरुस्ती तीच. नॉब ठरवून आठवड्यातून एकदा या टोकापासून त्या टोकापर्यंत फिरवतो.

नवं लागलेलं सामान: ओ-रिंगा, चेक व्हॉल्व्हची जोडी, गाळणी-वॉशर, आंधळी टोपणं, सिलिकॉन ग्रीस. कार्ट्रिज जुनंच. सगळ्यात जास्त वेळ खाल्ला तो पितळी नटाने आणि चुकीच्या मापाच्या रिंगांनी, प्रत्यक्ष जोडणीने फारच थोडा.

गरम बाजूची जाळी आज काढून पाहिली. पुन्हा दोन-चार कपच्या आहेत. गिझरच्या टाकीत त्या आहेत तोवर येतच राहणार. गरम बाजूचा अँगल कॉकही बदलायचा राहिलाय आणि त्यासाठी गिझर रिकामा करावाच लागेल. तेव्हा तळाचा गाळ काढून आतला अ‍ॅनोड (टाकीऐवजी स्वतः झिजणारी धातूची दांडी) किती शिल्लक आहे तेही पाहीन. त्याच्या नोंदी वेगळ्या ठेवतो.